खैरानच्या बोटीवरचं बोरनहाण

“ही समोर असली ना काकू, की परीक्षेला सुपरवायझर बसवल्यासारखं वाटतं मला. काही बोलत नाही, नुसती बघत असते.”

वहिनीला वाटलं, आपण हळू बोललो. पण खाली डिझेलचं इंजिन चालू होतं, आणि इंजिन चालू असलेल्या बोटीवर कुजबुजायचं म्हटलं तरी आवाज चढवावा लागतो. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते आणि फडक्याने बोरं पुसत होते. अब्बासियातल्या वाण्याने ती कनार म्हणून दिली होती. इथं कुवेतमध्ये बोरांना कनारच म्हणतात. त्यांच्यावर बारीक रेती होती, ती पुसूनही जात नव्हती.

काकूंनी उत्तर दिलं ते मला ऐकू यावं अशाच बेताने. “इंग्लिशमधून मनातल्या मनात मार्क देत असेल गं. आपल्याला दिसत नाहीत तेच बरं.”

बायका हसल्या. मी पुढचं बोर उचललं.

त्या दिवशी माझ्या पुतणीचं बोरनहाण होतं. आता ती तिच्या खोलीत शिरायच्या आधी मला दार वाजवायला लावते. तेव्हा ती जेमतेम बसायला लागली होती आणि बसवली की हळूहळू एका बाजूला कलंडायची. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि कुवेतमध्ये सण तिथीला नव्हे तर त्याच्या जवळच्या शुक्रवारी येतात. तो शुक्रवार धरला होता.

बोट आमची नव्हती. ती दादाच्या मुदीरची, म्हणजे त्याच्या साहेबाची. खैरानला वाळू खोदून समुद्राचं पाणी आत घेतलंय, कालव्यासारखं. त्याच्या दोन्ही काठांवर शॅले, म्हणजे सुट्टीची घरं, आहेत आणि प्रत्येक शॅलेच्या मागे धक्का. श्रीमंत लोक गुरुवारी येतात, शनिवारी जातात, मधले दिवस बोटी नुसत्या बांधलेल्या असतात. अशी नुसती उभी राहिली की बोटीच्या बॅटऱ्या उतरतात. तळाला झिरपलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप त्याच बॅटऱ्यांवर चालतो, त्यामुळे त्या मेल्या की बोट हळूहळू भरायला लागते. एरवी धक्क्यावरच्या खांबातून वीज घेता यायची, पण त्या खांबातलं सॉकेट जळलं होतं आणि राखणदार सुट्टीवर गावी गेला होता. म्हणजे एकच मार्ग उरला होता. बोट जागेवरून न हलवता तिचं इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटऱ्या भरायची वाट बघायची.

हे काम दादाने स्वतःहून मागून घेतलं. तो त्या कंपनीत हिशेब बघतो. बोटीशी त्याचा काहीएक संबंध नाही. पण मुदीर संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन मासेमारीला जाणार होता आणि दादाने त्याला शब्द दिला होता की तोवर बॅटरीचा काटा हिरव्यात आलेला असेल. त्या बदल्यात आम्हाला दिवसभर शॅलेचं मागचं अंगण वापरायला मिळालं. किल्ली त्याने सकाळपासून खिशात नव्हे, हातात धरली होती. मुदीर कसा कुणावर विश्वास टाकत नाही आणि याच्यावर कसा टाकला, हे त्याने गाडीत सांगितलं, अंगणात आल्यावर सांगितलं, आणि शेगडी पेटवताना पुन्हा सांगितलं.

बोरनहाण बोटीवर करायचं ही कल्पना काकूंची. त्या आमच्या कुणी लागत नाहीत. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि इथल्या मराठी घरांपैकी आमच्या गोतावळ्यात त्या सगळ्यांच्या आधी आल्या, एवढ्यावर त्या सगळ्यांच्या काकू झाल्या. कुणाचं डोहाळजेवण हॉलमध्ये होणार आणि कुणाचं घरातच उरकायचं, हे त्या ठरवतात. कुणी मोडता घातला तर त्या भांडत नाहीत. पुढच्या हळदीकुंकवाला त्या बाईला बोलावणं उशिरा जातं, एवढंच. बोटीवरचं बोरनहाण आजवर कुणी केलेलं नाही, फोटो बघून पुण्याच्या लोकांची तोंडं उघडीच राहतील, असं त्या म्हणाल्या आणि वहिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गेल्या वर्षी तिचं डोहाळजेवण घरातच उरकलेलं होतं.

बोटीची मागची बाजू धक्क्याच्या दगडी भिंतीला लागून होती, कारण चढायला पायरी तिथेच. बसायच्या जागेवर ताडपत्रीचं छत होतं आणि त्याच्या कडांना जाड प्लॅस्टिकचे पारदर्शक पडदे, चेन ओढून बंद होणारे. जानेवारीतला वारा खैरानला अंगात शिरतो. औक्षणाचं निरांजन दोनदा विझलं. तेव्हा काकूंनी पुढचा आणि दोन्ही बाजूंचे पडदे खालपर्यंत बंद करून घेतले. बाळाला वारा लागायला नको, हेही झालं. येण्याजाण्यासाठी मागची बाजू तेवढी उघडी राहिली. इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर पडतो ती नळी त्याच मागच्या बाजूला, पाण्याच्या वर टीचभर. समोरच धक्क्याची भिंत. धूर भिंतीवर आपटायचा आणि वळून आत यायचा, कारण त्याला शिरायला एकच तोंड उघडं होतं आणि बाहेर पडायला एकही नव्हतं.

हे मला तेव्हा असं ओळीने कळलं होतं असं नाही. मला डिझेलचा वास येत होता, तो सगळ्यांनाच येत होता. कुणीतरी नाकाला पदर लावला तेव्हा काकूंनी उदबत्त्यांचा पुडा काढला आणि चार एकदम पेटवल्या. मग डिझेलचा वास येईनासा झाला. त्याची तक्रारही संपली.

मी त्या घरात का राहत होते ते सांगायला हवं. आईबाबा निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि मी इथंच राहिले, कारण मी इथंच वाढले होते आणि इथंच मला नोकरी लागली होती. एकट्या मुलीने इथं वेगळं घर घ्यायचं म्हणजे काय, यावर आमच्याकडे चर्चाही झाली नाही. अब्बासियातल्या दोन खोल्यांपैकी एक मला मिळाली आणि ती आपल्या बाळाची खोली आहे हे वहिनीने मला रोज, काही न बोलता, सांगितलं. बाळाचे लंगोट माझ्या खुर्चीवर वाळत असायचे. तिला माझा राग होता आणि मला तिचा. माझा मी चांगल्या शाळेत शिकल्यासारखा घडी घालून ठेवला होता, एवढाच फरक.

एकदाच मी तोंड उघडलं होतं. बाळाला उगाळून गुटी द्यायची होती आणि मी म्हणाले की डॉक्टर आत्ता नको म्हणाले होते. डॉक्टर खरोखरच तसं म्हणाले होते. मी तिथे बसलेली होते. त्यानंतर वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि ओट्यावर ठेवून निघून जायची. शेवटी दादा माझ्या दाराशी आला आणि आत न येता म्हणाला, “इथं राहायचं असेल तर बाळाच्या बाबतीत तू पडायचं नाहीस. तिला वाटतं तू तिला अडाणी समजतेस.” मी हो म्हणाले. ती तशी वाटतेच, हे मी म्हणाले नाही.

तेव्हापासून मी पडत नव्हते.

बाळाला काळं झबलं घातलं होतं आणि त्यावर हलव्याचे दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा, सगळं पुण्याहून मागवलेलं, पांढरंशुभ्र. काकूंनी तिला पाटावर बसवलं, वहिनीने मागून धरलं. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि चॉकलेटं तिच्या डोक्यावरून ओतली. काकू फोटोसाठी थांबवत होत्या, पुन्हा ओतायला लावत होत्या, बाळाची मान वर करत होत्या. बाळ हसलं नाही. रडलंही नाही. एरवी ती अंगावर पाण्याचा थेंब पडला तरी घर डोक्यावर घ्यायची.

“किती गुणी आहे गं,” कुणीतरी म्हणालं.

“आईवर गेलीये,” काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत पुढे म्हणाल्या, “आत्यावर गेली असती तर नुसती टुकूटुकू बघत बसली असती.”

मी वाकून सांडलेली बोरं गोळा करायला लागले. वाकले तशी कपाळात कळ आली. डोळे चुरचुरत होते. समोरची बाई पाटाशेजारी बसली होती, ती म्हणाली की तिचं डोकं सकाळपासून जड झालंय. दुसरी म्हणाली, बोट हलतेय म्हणून. तिसरी म्हणाली, उपाशीपोटी आहोत म्हणून. बोट अजिबात हलत नव्हती. कालव्यात पाणी ताटलीत असावं तसं स्थिर होतं. आणि तिसरीने माझ्यादेखत दोन तिळगुळाचे लाडू खाल्ले होते.

बाळ पेंगायला लागलं. वहिनीने तिला खालच्या केबिनमध्ये नेलं. केबिन म्हणजे तीन पायऱ्या उतरून गेलं की एक गादी, वर एक झरोका आणि तोही बंद. दागिने काढले नाहीत. मुदीर आला की त्यालाही बाळ दाखवायचं होतं. वर हळदीकुंकू सुरू झालं. लग्न झालेल्या बायकांनी एकमेकींना हळदकुंकू लावलं, वाणात प्लॅस्टिकचे डबे वाटले. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही. मी पायऱ्या उतरून बाळापाशी गेले.

ती पाठीवर झोपली होती. तोंड किंचित उघडं. मी वाकून बघितलं आणि आधी मला कळलंच नाही की काय बदललंय. मग हार उचलला. हलव्याचे दाणे वरच्या बाजूने करडे झाले होते. हार उलटा केला तर मागून दाणे तसेच पांढरे, सकाळी डब्यातून काढले तसे. बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागली. मी मुकुट बघितला. तोही करडा. जे साखरेवर बसलं होतं ते ती श्वासातून घेत होती, आणि आम्ही सगळ्याही. फक्त आमच्या अंगावर काळ्या साड्या होत्या म्हणून दिसत नव्हतं.

“तिला हात लावू नकोस. आत्ता कुठे झोपलीये.” वहिनी पायऱ्यांवर उभी होती. तिच्या कपाळावर हळदीकुंकू, गालावर लाली आणि चेहऱ्यावर तो भाव, जो ती माझ्यासाठीच राखून ठेवते.

मी हार खाली ठेवला. सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य तिच्यापर्यंत पोचायच्या आधी ते कुणी उच्चारलं हेच तिला ऐकू गेलं असतं, हे मला ठाऊक होतं. मी वर आले.

वर येऊन मी बाजूच्या पडद्याची चेन वीतभर उघडली. थंड वारा आत आला आणि माझा श्वास मोकळा झाला. काकूंनी ती लगेच बंद केली. “निरांजन विझतंय ना. आणि बाळ आहे आत. एवढं कळत नाही का?” त्या मला म्हणाल्या, मग बाकीच्यांना म्हणाल्या, “यांना सगळं एसीत शिकवलेलं असतं, वाऱ्याचं काय कळणार.” मला त्या क्षणी त्या बाईचा जो राग आला तो अजून तसाच आहे. वयोमानाने त्या थकल्या असं परवा कुणीतरी सांगितलं, तरी तो कमी झाला नाही.

म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं, म्हणजे न बोलता. हे इंजिन नुसत्या किल्लीने बंद होत नाही. सुकाणूच्या चाकाखाली एक लाल मूठ आहे, ती ओढून धरावी लागते. दादाने सकाळी दोनदा करून दाखवलं होतं, बघायला कुणी नव्हतं म्हणून मलाच. मी कोपऱ्यात सरकले, जणू पर्स ठेवायला वाकले, आणि मूठ ओढून धरली. इंजिन गुरगुरलं, हिसके दिले, आणि थांबलं.

एवढी शांतता पसरली की बायका एकदम दचकून गप्प झाल्या. सगळ्या ओरडून बोलत होत्या. आता एकीचं वाक्य उघडं पडलं आणि तिने ते अर्ध्यातच गिळलं. धक्क्याखाली पाणी चुळचुळत होतं ते ऐकू आलं. मला वाटलं, झालं. कुणाला काही सांगायला लागलं नाही. कुणाचा अपमान झाला नाही, माझी खोली माझ्याकडे राहिली. वारा फिरेल, हळूहळू आतली हवा निवळेल.

तेवढ्यात दादा धावत आला. हातात चिमटा, कपाळाला घाम, चेहरा पांढरा पडलेला. “बंद कसं पडलं? कुणी हात लावला?”

 मी पर्सची चेन लावत होते.

“आपोआपच गेलं हो,” काकू म्हणाल्या.

हे ऐकून तो अधिकच घाबरला. इंजिन आपोआप बंद पडलं म्हणजे त्यात काहीतरी बिघाड झाला, आणि तो याच्या हातात असताना झाला. त्याने काट्याकडे बघितलं. काटा अजून हिरव्याच्या अलीकडेच होता. तो मुदीरचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला. मग वहिनीवर खेकसला की एवढ्या बायका इथे कशाला गोळा केल्यास, आणि वहिनी रडवेली होऊन म्हणाली की तूच तर म्हणालास. सगळ्यांसमोर. काकू दुसरीकडे बघायला लागल्या, पण कान इकडेच. त्या नवराबायकोचं भांडण बघून मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही.

त्याने किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतीच घरघर झाली. दुसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि ते पुन्हा बंद पडू नये म्हणून त्याने वेग देणारा दांडा आधीपेक्षा बराच पुढे ढकलला. अख्खी बोट थरथरली. वाणाचे डबे एकमेकांवर खडखडले, मागच्या बाजूने काळा भपकारा भिंतीवर आपटून सरळ आत आला आणि पाटापर्यंत पोचला. दोघीतिघी खोकल्या. काकूंनी आणखी एक उदबत्ती पेटवायला काडी काढली.

मी केबिनकडे बघितलं. पायऱ्यांवरून बाळाचे फक्त पाय दिसत होते, पैंजण घातलेले. ही मुलगी कुकरच्या शिट्टीने दचकते. मजल्यावरच्या लिफ्टचं दार आपटलं तरी दोन्ही हात पसरून उठते. रात्री त्यासाठी आम्ही सगळे चोरपावलांनी चालतो, आमच्या घरात एकमत असलेली ती एकच गोष्ट. आत्ता तिच्या उशाच्या पलीकडे, फळीपल्याड, एवढं मोठं इंजिन धडधडून उठलं होतं. पैंजण हलले नाहीत.

मी उठले. पाटावरून पाय टाकून गेले. चुरमुरे पायाखाली चुरडले आणि कुणीतरी “अगं, पाटाला पाय” असं म्हणालं. मी बाजूच्या पडद्याची चेन वरपासून खालपर्यंत ओढली, मग दुसऱ्या बाजूची. निरांजन विझलं. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बांगड्या माझ्या हाडावर टोचल्या. दादा चाकापाशी वळून बघत होता, त्याचा हात अजून त्या दांड्यावर होता, आणि वहिनी पायऱ्यांच्या तोंडाशी आडवी उभी राहिली, मला खाली जाऊ द्यायचं नाही अशी.

“हिचं काय चाललंय?” ती दादाला म्हणाली. माझ्याकडे न बघता, मी तिथे नसल्यासारखं. “सांग ना तिला. आजच्या दिवशी तरी. तू सांगितलं होतंस ना तिला?”

दादाने तोंड उघडलं. तो काय म्हणणार ते मला पाठ होतं, खोलीसकट. मी काकूंच्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि लाल मूठ ओढून धरली. इंजिन थांबेपर्यंत सोडली नाही. त्यामुळे मी जे म्हणाले ते ओरडून म्हणायची गरज उरली नव्हती, आणि तरी मी ओरडूनच म्हणाले:

“आत धूर भरलाय आणि ती उठत नाहीये. आधी तिला बाहेर आणा. मग मला काय बोलायचंय ते बोला.”